निळा गंधार

कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या फटीत एक गंधार राहतो. पेटीवर तो सापडत नाही. काळी पट्टी त्याच्या अलीकडे थांबते, पांढरी त्याला ओलांडून पुढे निघून जाते, आणि तो दोहोंच्या मधल्या चिरेत, जिथं बोट शिरत नाही पण श्वास शिरतो, तिथं अंग चोरून बसलेला असतो. दरबारीतला झुलता गंधार त्याचा लांबचा नातलग. तो कोमलाच्याही खाली झुकतो आणि मैफलीत जाणती माणसं त्या जागी डोळे मिटतात. जात्यावर बसलेली बाई ओवीच्या दुसऱ्या ओळीत उतरताना याला सहज शिवून जाते, पण तिच्यापाशी डोळे मिटणारं कुणी नसतं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यात तो पहिल्यापासून आहे. तिकडं त्याला निळा सूर म्हणतात.

मला तो माळवदावर भेटला.

वाटूर म्हणजे जालना जिल्ह्यातलं, परतूरच्या अंगाचं गाव. फाट्यावरून एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला, एक परतूरला. ज्याला कुठंच जायचं नसतं तो चहाच्या टपरीवर बसतो. तिथल्या उन्हाळी रात्रींना रंगापेक्षा वास जास्त. दिवसभर तापून आता निवत चाललेल्या पांढरीचा, गोठ्यातल्या कडब्याचा, अंगणात शिंपडलेल्या पाण्याचा आणि कुठून तरी दूरवरून येणाऱ्या लिंबाच्या मोहोराचा. माळवदावर वाकळा पडायच्या, उशाशी वडिलांचा रेडिओ असायचा, आणि घर झोपलं की मी लघुलहरींची सुई अंधारात चाचपडत फिरवायचो. खरखर, शिट्ट्या, कुणाची तरी प्रार्थना, कुठल्या तरी देशाच्या बातम्या, पुन्हा खरखर, आणि त्या खरखरीच्या पडद्याआडून एकदम एक पितळी आवाज वर यायचा, थरथरायचा, समुद्रावरच्या वाऱ्यानं ढकलल्यासारखा लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा आणि छातीच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहायचा.

तो व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम होता. विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक १९५५ पासून तो करत होता. इंग्रजी फारसं न येणाऱ्यांसाठी एकेक शब्द सुटा करून तो इतका सावकाश बोलायचा की, मलासुद्धा मधला एखादा शब्द हाती लागायचा. बाकी काही कळत नव्हतं. कळण्याची गरजही वाटत नव्हती.

एकदा असाच एक कर्णा एकट्यानं रात्र चिरत चालला होता. आजी कूस बदलून म्हणाली, “कोन गेलं रं त्या गावात?”

पुढं पुष्कळ वर्षांनी न्यू ऑर्लिन्सबद्दल वाचलं तेव्हा आजीचा कान किती लांबचा होता ते समजलं. त्या शहरात माणूस गेला की बँड येतो. दफनभूमीकडं जाताना पावलं जड, भक्तिगीताचे सूर लांबवलेले, ताशाचा आवाज मुद्दाम दाबलेला. माती दिली जाते. मग परतीच्या वाटेवर तोच बँड, तीच माणसं, त्याच कर्ण्यांतून असं काही उसळून येतं की, मागून चालणारे लोक छत्र्या नि रुमाल उडवत नाचू लागतात, रस्त्यावरची अनोळखी पोरं त्यांत सामील होतात, आणि नुकतं जे पुरलं त्याच्याच नावानं सगळी गल्ली घामाघूम होते. आपल्याकडं पिकल्या पानाला वाजतगाजत नेतात, त्याची मला आठवण झाली. फक्त आपण येताना गप्प येतो.

जॅझचा इतिहास बहुतेक जण तिथूनच सांगू लागतात. मला मात्र त्यातला बडी बोल्डन सोडून पुढं सरकवत नाही. कॉर्नेट वाजवायचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्या शहरात त्याच्याएवढ्या मोठ्या आवाजाचा वादक नव्हता म्हणतात. शहराच्या एका टोकाला त्यानं फुंकर घातली की, दुसऱ्या टोकाची माणसं घर सोडून निघायची, अशी दंतकथा आहे. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९३१ मध्ये तो तिथंच गेला. त्याचा एकही सूर आज तबकडीवर उरलेला नाही. ज्यांनी ऐकला त्यांच्या कानांत तो होता, ते कानही आता मातीत गेले. उरलं ते इतकंच की, त्याच्यानंतरच्या पोरांनी तसं वाजवायचा प्रयत्न केला, त्यांचं ऐकून त्यांच्यानंतरच्यांनी केला, आणि त्या प्रयत्नांच्या साखळीत मूळ फुंकर कुठं तरी अजून ओली आहे. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ मध्ये.

ती गोऱ्या वादकांची होती.

आमच्या रानाला काळी म्हणतात. ही माती पावसात गुडघ्याएवढी ओढून धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. तिच्यावर दिवाळीनंतर पऱ्हाटी फुटते. सकाळच्या धुक्यात बायका ओट्या बांधून रांगेनं शिरतात, बोंडाचं टोक बोटाला टोचत असतं, पातं उकलून कापूस अलगद ओढायचा असतो, आणि बोटांना एक लय लागली की कुणी तरी ओळ टाकतं. पलीकडच्या सरीतली ती उचलते, तिसरी त्यात शेजारणीचं नाव घालते, हशा पिकतो, पुन्हा ओळ. मिसिसिपीच्या काठावरही माती काळी होती, पीक हेच होतं आणि ओळ टाकण्या-उचलण्याची रीतही हीच. एकानं पुकारायचं, बाकीच्यांनी झेलायचं. पुढं चर्चमध्ये धर्मोपदेशक आणि भाविक असेच बोलू-गाऊ लागले, त्याच्याही पुढं बँडमध्ये कर्णा आणि सॅक्सोफोन. प्रश्न कापसाच्या सरीत विचारला गेला आणि उत्तर नाचघरात मिळालं, असं कधी कधी वाटतं.

दोन्ही रानं एकमेकांना ओळखत नव्हती असंही नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंदरात अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी तोंड इकडं वळवलं. वऱ्हाडातून आणि निजामाच्या मुलखातून बैलगाड्या निघाल्या, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी स्वप्नातही न पाहिलेला पैसा पाहिला, त्या पैशाच्या भरात समुद्र हटवायच्या कंपन्या काढल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळं कोसळलं. तिकडं गुलाम कायद्यानं मुक्त झाले, इकडं शेअर बुडाले. मुक्त झालेल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी फौजी बँडची पितळी वाद्यं हाती धरली. समुद्र मात्र पुढं हटलाच. विसाव्या शतकात त्या भरावाच्या आसपास, चर्चगेटच्या रस्त्यावर हॉटेलं उभी राहिली आणि त्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजू लागला. कापसाच्या धाग्यानं ही सगळी गाठोडी एकमेकांना बांधलेली आहेत, फक्त गाठ कुणी मारली ते आठवत नाही. (अमेरिका नंतरही आमच्या पऱ्हाटीत आलीच. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं ते जालन्याच्याच कंपनीच्या हातानं. पण त्या गाण्याची चाल वेगळी.)

रोजंदारीनं वेचणाऱ्या बाईची आणि बाजारात विकल्या गेलेल्या बाईची बरोबरी करायला जीभ धजत नाही. करूही नये. तरी आपल्या बाजूनं त्या दुःखाकडं हात पुढं केला होता एका मराठी माणसानं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना तो आवाज ऐकू गेला होता. तेव्हा रेडिओ नव्हता, लघुलहरी नव्हत्या.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एक क्लब होता. नाव कॉटन क्लब. ड्यूक एलिंग्टननं तिथं १९२७ च्या अखेरीपासून आपला वाद्यवृंद बसवला आणि रेडिओवरून तो देशभर पोचला. वाजवणारे काळे, नाचणाऱ्या काळ्या, सजावट जुन्या दक्षिणेतल्या मळ्यांची, आणि समोरच्या टेबलांवर फक्त गोरे. ज्याच्या तालावर रात्र हलते आहे त्याच्या भावाला दाराशी अडवायचं, अशी ती जागा होती.

हे वाचलं तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोललो नाही.

कारण मला आमच्याकडची लग्नं आठवत होती. परण्या मारुतीच्या पाराकडं निघाला की पुढं हलगी, सनई, मागून बँड. नवरदेवाचं घोडं त्यांच्या तालावर पाऊल टाकणार, म्हातारे पागोटी सावरत त्यांच्या तालावर चालणार, अक्षता पडल्या की त्यांच्याच टिपेवर टाळी लागणार. वाजवणारी माणसं बहुतेक मातंग वस्तीतली. सकाळपासून फुंकून फुंकून ओठ सुजलेले असायचे. मग मांडवात पंगत बसायची, बुंदीचा वास सुटायचा, वाढप्यांची धावपळ, आग्रह, हशा. आणि वाजवणारे मांडवाबाहेर लिंबाखाली वाद्यं मांडीवर घेऊन बसलेले, सगळ्या पंगती उठायची वाट बघत. लहानपणी मला वाटायचं, ही माणसं दमली असतील म्हणून लांब बसलीत.

मग जॅझ इतका हसतो कसा, हा प्रश्न मला पडायचा. लुई आर्मस्ट्राँगचे फुगलेले गाल, ते भलं मोठं हसू, तो पांढरा रुमाल. वाया गेलेल्या पोरांच्या सुधारगृहात त्याला कॉर्नेट मिळाली. १९२८ मध्ये त्यानं ‘वेस्ट एंड ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं, त्याच्या सुरुवातीला तो एकटा वाजवतो. पंधरा सेकंदही नाहीत. कर्णा जिना चढल्यासारखा वर जातो, शेवटच्या पायरीवर क्षणभर तोल सांभाळतो, आणि मग घरंगळत, वळणं घेत, मधल्या मधे नव्या जागा काढत खाली येतो, तोवर बाकीचे वादक त्याला झेलायला उभेच असतात. आपल्या गवयाला राग मांडायला तास लागतो. या माणसानं एका श्वासाच्या हिशेबात आख्खं आयुष्य मांडलं. ते ऐकताना हसूही येतं आणि घशाशी काही दाटतंही. दोन्ही एकाच जागी. त्या चिरेतल्या गंधारावर.

हा सूर मुंबईत आला बोटीनं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा संच घेऊन ताजमहाल हॉटेलात उतरला. पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड नावाचा पियानोवाला आला, तो इकडचाच झाला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीनं गेला. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं बघून-ऐकून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही पोरं. बोटांत व्हायोलिन, ओठांत कर्णा आणि पोटासाठी मुंबई. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातलाच. जगानं त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखलं, भारताचा आर्मस्ट्राँग म्हटलं. रात्री तो ताजमध्ये साहेबांना नाचवायचा. दिवसा तो आणि त्याच्यासारखे कितीतरी जण सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात बसायचे, आणि तिथं त्यांची गाठ पडली एका मराठी माणसाशी.

पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. सी. रामचंद्र. पुणतांबा गोदावरीच्या काठचं. तीच गोदावरी पुढं आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून संथ वाहत जाते. या माणसाच्या कानात शास्त्रोक्त गाणं होतं, भजनाचा ठेका होता आणि एक खट्याळ पोरगंही होतं. त्यानं त्या गोवेकर कर्ण्यांना मोकळं सोडलं. ‘शहनाई’, ‘समाधी’, ‘अलबेला’, ‘आशा’. ही नावं घेतली की माझ्या पायाचा अंगठा अजून हलतो. ‘अलबेला’त तर चिकची मंडळी पडद्यावरही दिसतात. आणि समोर भगवानदादा, अंग थोडं वाकवून, खांद्यातून लाट सोडत, घाईच नसल्यासारखे नाचतात. तो नाच वाटूरच्या प्रत्येक वरातीत आजही आहे. नाचणाऱ्या पोराला भगवानदादा ठाऊक नसतात, चिक चॉकलेट ठाऊक असायचं कारणच नाही, न्यू ऑर्लिन्स तर नकाशावर दाखवता येणार नाही. पण खांदा बरोबर त्या जागी पडतो, ठोक्याच्या किंचित मागं, जिथं स्विंग असतो.

जॅझचा पगडा म्हणून विद्वान जे शोधतात, ते मला त्या खांद्यात जास्त दिसतं. १९६४ मध्ये आर्मस्ट्राँग स्वतः मुंबईत येऊन वाजवून गेला, १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा भरू लागली, पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स येऊन गेला; कोल्ट्रेननं एका रचनेला ‘इंडिया’ नाव दिलं आणि रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं. हे सगळं मोठं आहे, आणि यातलं काहीही वाटूरपर्यंत पोचलं नाही. पोचली ती चितळकरांची गाणी. मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमासंगीताला रजा दिली, त्यांना रागदारी जपायची होती, तर लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडं वळवली. केसकरांचा हेतू मी समजू शकतो. पण गाणं असं दार लावून थांबत नसतं. बरं झालं थांबलं नाही.

आणि मग ती गाणी आमच्या बँडवाल्यांनी घेतली. इथं मला सगळ्यात जास्त रमायला होतं. कारण त्यांच्याकडं स्वरलिपी नव्हती, गुरू नव्हता, शिकवणीचे पैसे नव्हते. रेडिओवर गाणं लागायचं, दोनदा-तीनदा ऐकलं की ओठांवर यायचं, जे आठवायचं नाही ते जागेवर तयार व्हायचं. ध्वनिमुद्रणात वीस व्हायोलिनं असतील, इथं एक क्लॅरिनेट, एक जुना कर्णा, बडा ढोल, ताशा, झांज आणि एका चाकाच्या गाड्यावर बांधलेला भोंगा. वीस व्हायोलिनांची जागा एका माणसाच्या फुप्फुसानं भरायची. तो गुदमरायचा, सूर किंचित खाली पडायचा, शुद्ध गंधाराकडं निघालेला श्वास वाटेतच थांबायचा, आणि बघा, तो तिथंच असायचा. निळा. हार्लेमहून ताजमध्ये, ताजमधून स्टुडिओत, स्टुडिओतून सिलोनला, सिलोनहून माळवदावर, आणि तिथून एका सुजलेल्या ओठावर येऊन बसलेला. तो बाहेरून आला की इथलाच होता, हे मी ठरवायच्या भानगडीत पडत नाही. जात्यावरची बाई मला आधीच सांगून चुकली आहे.

आता बँडला सुपारी कमी मिळते. डीजेच्या भिंती आल्या, त्यांच्यापुढं छातीचा पिंजरा हलतो पण खांदा पडत नाही. तरी जुनी घरं अजून बँड लावतात, आणि आता काही मांडवांत बँडवाल्यांची पानं सगळ्यांबरोबर पडतात. सगळ्या मांडवांत नाही. आमच्या भागातल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक मामा आहेत, सत्तरीच्या अलीकडचे, दोन दात गेलेले; दात गेल्यापासून सुरांत थोडी हवा मिसळते, ती मला फार आवडते. मागच्या लगीनसराईत त्यांची वरात फाट्यावर अडकली. तिन्ही रस्त्यांनी गाड्या, मधोमध घोडं, घोड्यावर घामेजलेला नवरदेव, पोरं रस्ता सोडायला तयार नाहीत, आणि परतूरकडून आलेली एसटी तोंडाशी उभी. ड्रायव्हरनं वैतागून भोंगा दाबला तो दाबूनच धरला. सगळा बँड थबकला. मामा थबकले नाहीत. त्यांनी मान किंचित तिरकी करून तो भोंग्याचा सूर ऐकला, क्लॅरिनेट ओठाला लावली, बरोबर तोच सूर धरला, क्षणभर लांबवला, आणि त्याच्यावरून घसरत घसरत थेट ‘ईना मीना डीका’त शिरले. ताशेवाल्याला हसू आवरेना, पण हात चुकला नाही. ड्रायव्हरनं पुन्हा भोंगा दिला, या वेळी तोडून तोडून, तालावर. मामांनी उत्तर दिलं. त्यानं आणखी एकदा दिला. एसटीतल्या बायका खिडक्यांतून टाळ्या वाजवू लागल्या, कंडक्टर खाली उतरून गाड्या मागं घ्यायला सांगत होता आणि सांगता सांगता नाचत होता.

नंतर टपरीवर चहा पिताना मी मामांना म्हटलं, “मामा, हे कुठं शिकलात?”

“शिकायचं काय त्याच्यात सर,” बशीत चहा ओतत ते म्हणाले. “गाडीवाल्यानं सूर देला, आपण घेतला. त्याला काय पैसे लागतेत?”